उत्साहात संपन्न

आमच्या विद्यापीठात आजवर एकही कार्यक्रम निरुत्साहात झालेला नाही. निदान तशी बातमी कधी आलेली नाही. विद्यापीठ कुठलं ते मी सांगत नाही. नांदेडहून लातूरकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत, खासगी, आणि आवार एवढं मोठं की नव्या पोरी पहिल्या आठवड्यात हमखास वाट चुकतात, इतकं पुरे. तिथं मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. पोरी तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागे तोफ म्हणतात. ते मला ठाऊक आहे आणि माझी त्याला हरकत नाही. तोफेचा धाक असला की रात्री गेट वेळेवर बंद होतं.

दर शनिवारी दुपारी आमचं साप्ताहिक वार्तापत्र निघतं. पूर्वी ते छापून यायचं, आता मोबाईलवर येतं. पण दिसायला अगदी छापल्यासारखंच. वर विद्यापीठाचं चिन्ह, खाली दोन रकाने, मधूनमधून हार-तुऱ्यांचे रंगीत फोटो. आठवडाभरात आवारात काय काय झालं ते सगळं त्यात असतं. वृक्षारोपण झालं, व्याख्यान झालं, रक्तदान शिबिर झालं, कुणाला सेट-नेट लागली, कुणाचा सत्कार झाला. प्राध्यापकांना येतं, विद्यार्थ्यांना येतं आणि अलीकडं पालकांचाही ग्रुप केलाय, त्यांनाही येतं.

यातली मेख अशी की वार्तापत्र शनिवारी निघत असलं तरी त्याची पानं गुरुवारीच लावून होतात. मग शुक्रवार-शनिवारच्या कार्यक्रमांचं काय? तर ते आमच्याकडं गुरुवारीच होऊन जातात. पाहुणे काय बोलले तेही गुरुवारीच लिहिलं जातं. पाहुणे नेहमी एकच बोलतात, की ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी न्यूनगंड सोडावा. त्यामुळं सहसा चुकतही नाही. हे सगळं सांभाळणारे आमचे जनसंपर्क अधिकारी म्हणजे मोठे गोड गृहस्थ. कधी कुणावर आवाज चढवणार नाहीत, कुणाच्या घरी दुःख झालं तर सगळ्यांच्या आधी पोचतील. मी एकदा त्यांना छेडलं होतं, "सर, कार्यक्रमच झाला नाही तर?" ते हसून म्हणाले, "मॅडम, बातमी लिहून ठेवली ना, की कार्यक्रम होतोच. लोकांना जबाबदारी वाटते."

एकदा एका व्याख्यानात माईकच बंद पडला. पाहुणे बिचारे पहिल्या रांगेशी बोलून खाली बसले, मागची पोरं शेंगा खात होती. शनिवारी वाचलं, श्रोते मंत्रमुग्ध झाले. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून हसता येत होतं.

आता त्या आठवड्याचं सांगते.

मुलींसाठी नवं वसतिगृह बांधून होत आलं होतं. प्रत्येकीला स्वतंत्र कपाट, गरम पाण्याची सोय, खाली अभ्यासिका. पोरी रोज संध्याकाळी तिकडं फेरी मारून बाहेरूनच खोल्या वाटून घ्यायच्या. उद्घाटन शुक्रवारी ठरलं. त्याच दिवशी आम्ही राहायला जायचं आणि आमची जुनी इमारत मुलांना द्यायची, कारण बरीच मुलं शेजारच्या गावात भाड्याच्या खोल्यांत राहत होती. शुक्रवारी सकाळी पोरींनी गाद्या गुंडाळल्या, बादल्यांत चपला भरल्या, दारात रांगोळी काढली. दहाच्या सुमारास निरोप आला की पाहुण्यांचा दौरा रद्द झाला, पुढची तारीख कळवू. शिवाय नव्या इमारतीला पाण्याची जोडणीही व्हायची होती, हे तेव्हा कुणीतरी हळूच सांगितलं. पोरींनी तोंडं पाडून गाद्या परत पसरल्या. त्यात दोन दिवस सुटी लागून आलेली, म्हणून निम्म्याहून जास्त पोरी संध्याकाळच्या गाड्यांनी गावी गेल्या.

शनिवारी दुपारी जेवून पडले होते तर मोबाईल वाजला. वार्तापत्र. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं की मुलींच्या नूतन वसतिगृहाचे उद्घाटन उत्साहात संपन्न. मान्यवरांनी फीत कापली. विद्यार्थिनींनी आनंदी वातावरणात नव्या इमारतीत प्रवेश केला. आणि शेवटी एक ओळ: जुनी इमारत मुलांच्या वसतिगृहासाठी हस्तांतरित करण्यात आली असून मुलांनी तेथे राहण्यास सुरुवात केली आहे.

मी उठून बसले. जुन्या इमारतीत, माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर बसून मी वाचत होते की मी इथं राहत नाही. बाहेर व्हरांड्यात पोरींचे कपडे वाळत होते. आधी हसू आलं, मग ते हसू अर्ध्यातच थांबलं. अधिकाऱ्यांना फोन लावला तर ते कुणाच्या तरी लग्नात होते, मागं बँडचा दणदणाट. "होईल मॅडम, होईल," एवढंच ऐकू आलं.

रविवारी सकाळी गेटवर गलका ऐकून खाली आले. पाहते तर दोन ॲपे रिक्षा उभ्या आणि सात-आठ पोरं गाद्या, ट्रंका, टेबलफॅन उतरवून घेतायत. त्यांनीही वार्तापत्र वाचलं होतं. चांगल्या खोल्या आधी धरायच्या म्हणून सुटीतच आली होती बिचारी. मी तोफ सोडली. "कुणाला विचारून आलात रे? डोळे फुटले का? तारेवर कुणाचे कपडे आहेत दिसत नाही?" पोरं गांगरून गाद्या तशाच डोक्यावर घेऊन उभी राहिली.

नेमके त्याच वेळी ते आले.

ते म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावचे शेतकरी, डोक्याला टोपी, अंगात कडक धुतलेला पांढरा सदरा. बरोबर त्यांचे धाकटे भाऊ. पोरगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, माझ्याच हाताखाली तुरीच्या रोपांवर प्रकल्प करणारी. बोलायला कमी, पण रोपांपाशी गेली की तासन्‌तास उठायची नाही. वडिलांना लेकीचं भारी कौतुक. दर शनिवारी वार्तापत्र आलं की ते गावातल्या दूध डेअरीवर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात, हे तिनंच मला सांगितलेलं. कुठल्या विभागात कोण पाहुणा आला हे त्या डेअरीवरच्या लोकांना आमच्या कुलगुरूंपेक्षा जास्त ठाऊक असावं. नवी इमारत वाचून ते ती बघायलाच आले होते. हातात शेंगांची पिशवी आणि लातुरात थांबून घेतलेलं एक नवं कोरं पितळी कुलूप, लेकीच्या स्वतंत्र कपाटाला.

"रामराम मॅडम," ते म्हणाले. पण नजर पोरांवर. "नव्या बिल्डिंगीला जाऊन आलो. बंद हाय. वॉचमन म्हनला, हितं कुनी पोरी राहत न्हाईत."

"बरोबर आहे भाऊ. आम्ही अजून गेलोच नाही. कार्यक्रम पुढं गेला."

"मग ही पोरं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून लेक आली. रविवार म्हणून नहाण झालेलं, केस ओले, खांद्यावर टॉवेल. वरून तिनं वडिलांना पाहिलं असणार, म्हणून तशीच धावत खाली आली. गाद्या घेतलेल्या पोरांच्या मधून वाट काढत, हसत, "आप्पा, तुमी कसं काय?" म्हणत ती समोर येऊन उभी राहिली.

त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही. रागाचं नावही नव्हतं. उभ्या उभ्या रक्त उतरून जावं तसा तो पांढरा पडला. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, बोटानं पान मोठं केलं आणि माझ्यासमोर धरलं. ती शेवटची ओळ. मुलांनी तेथे राहण्यास सुरुवात केली आहे.

"चुकीचं छापलंय भाऊ," मी म्हणाले. "आधीच लिहून ठेवतात, आणि मग…"

"आधीच?" त्यांना ते कळेचना. "झालं न्हाई ते झालं म्हनून आधीच कसं लिवतील? वर युनिव्हर्सिटीचं चिन्ह हाय मॅडम. युनिव्हर्सिटी खोटं कशाला छापंल?"

तो टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. धाकटे भाऊ मागून म्हणाले, "ह्या म्हनत्यात गेलो न्हाई, कागद म्हनतो गेले. दोगातलं एक खोटं हाय. युनिव्हर्सिटीला खोटं बोलून काय मिळायलंय? आन्‌ आपन डोळ्यानं बघायलाव न्हवं?"

मला काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "चला, वर चला. एकेक खोली उघडून दाखवते. मुलीच आहेत सगळ्या."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या पाटीकडं. पाटीवर लिहिलं होतं, पुरुषांना प्रवेश नाही. "गड्यामानसाला वर नेताव मॅडम?" ते अगदी हळू म्हणाले. "आसंच नेत आसचाल मग."

इतक्या वर्षांत एकाही पुरुषाला मी त्या जिन्यावर एकट्यानं पाय ठेवू दिला नव्हता, नळ दुरुस्तीवाला आला तरी मी पुढं आणि तो मागं. एका वाक्यात सगळं मातीत गेलं, आणि ते वाक्य त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले असते.

लेक सांगत होती, रडत होती. "आप्पा, माझं ऐका तरी. आईची आन घेऊन सांगते." ते फक्त म्हणाले, "सामान घे. घरी बोलू." ती आत गेली, बॅग भरून आली. वडिलांनी बॅग स्वतःकडं घेतली. मारलं नाही, ओरडले नाहीत. शेंगांची पिशवी आणि कुलूप व्हरांड्याच्या कठड्यावर तसंच राहिलं. ती पोरं कधी निघून गेली ते मला कळलंही नाही.

सोमवारी मी जनसंपर्क कार्यालयात गेले. अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून ते खरोखरच हळहळले. "अरेरे! कसले लोक असतात बघा मॅडम."

"लोकांचं सोडा," मी म्हणाले. "येत्या शनिवारी छापा की ती बातमी चुकीची होती. मुली जुन्याच इमारतीत आहेत, मुलं तिथं राहत नाहीत. चार ओळी. मी लिहूनच आणल्यात."

त्यांनी माझा कागद वाचला, घडी घालून काचेखाली ठेवला. "खंडन छापायची आपल्याकडं पद्धत नाही. वाईट बातमी आपण देतच नाही ना. पण बघतो. काहीतरी करतो त्या पालकांसाठी." ते अगदी मनापासून बोलत होते, म्हणून मला जास्त भीती वाटली.

रोज सकाळी मी तिच्या रोपांना पाणी घालत होते. काळ्या पिशव्यांत ओळीनं लावलेली तुरीची रोपं, प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. वाढीची नोंद वेळेवर झाली नाही तर प्रकल्प बाद, आणि प्रकल्प बाद म्हणजे वर्ष गेलं. आणि तिच्या घरी वर्ष गेलं म्हणजे परत पाठवतील असं मला वाटत नव्हतं. बुधवारी राहवलं नाही. तास आटोपले, चाकूरची गाडी धरली, तिथून दुसरी गाडी करून त्यांच्या गावी गेले.

त्यांनी दारात रामराम केला, हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा आला. ओट्यावर बसून मी परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते.

"तुमी इतक्या लांबून आलात, लई बरं वाटलं," ते म्हणाले. "पर भाऊ म्हनतो, कायतरी दडवायचं हाय म्हनून आल्यात. मला तसं वाटत न्हाई. पर मी डेरीवर काय सांगू? दर शनिवारी मीच वाचतो. ह्या डाव बी मीच वाचलं, पोरी नव्यात गेल्या, जुन्यात पोरं आली. आन्‌ भावानं येऊन सांगितलं, आमची त्या जुन्यातून निघाली. आता म्हनू का, मी वाचलं ते खोटं हाय? मग आजवर वाचलं ते समदंच खोटं का?"

माझे वडील रेणापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. घराण्यात अक्षर ओळखणारे पहिले. आमच्या घरी कुणाचा वाद झाला की ते एकच विचारायचे, छापून आलंय का? आलं असेल तर वाद मिटला. वर्तमानपत्राचा कागद आमच्याकडं भजी बांधायलासुद्धा कधी वापरला नाही. छापलेल्या अक्षरानं आम्हाला माणसात आणलं, असं ते म्हणायचे. या माणसावर मी कुठल्या तोंडानं चिडणार होते?

"त्या कागदात छापून येऊ द्या, चुकलं म्हनून," ते शेवटी म्हणाले. "त्याच दिवशी पोरगी आनून सोडतो. न्हाईतर येत्या सोमवारी पाव्हनं यायलेत तिला बघायला. लोकांची तोंडं मिटवायला मला दुसरा मार्ग न्हाई."

निघताना स्वयंपाकघराच्या दारात ती दिसली. डोळे सुजलेले, हाताला पीठ. तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, रोपं?"

"मी घालते पाणी," म्हणाले. "नोंदी पण घेतेय. तू ये." बसमध्ये बसले आणि तोंडाला पदर लावून रडले. शेजारच्या बाईनं न विचारता आपली पाण्याची बाटली पुढं केली.

गुरुवारी अधिकाऱ्यांना परत फोन केला. आवाजात साखर. "काळजीच करू नका. शनिवारी बघाच मॅडम, तुम्ही खूश व्हाल."

शनिवारी दुपारी मी मोबाईल हातात धरूनच बसले होते. आलं. पहिलं पान पाहिलं, नाही. दुसऱ्या पानावर तळाला एक चौकट होती. वसतिगृह स्थलांतराबद्दल पालकांत समाधान. शुक्रवारी झालेल्या पालक संवाद मेळाव्यास पालक मोठ्या संख्येने उपस्थित होते. त्यानंतर माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं नाव, गावासकट, तालुक्यासकट. "माझी लेक येथे सुरक्षित आहे, विद्यापीठाचे उपकार मी विसरणार नाही, असे भावुक उद्गार त्यांनी काढले." शेजारी त्यांचा फोटो, गुलाबी फेट्यातला, गेल्या वर्षीच्या पालक मेळाव्यात काढलेला.

शुक्रवारी कसलाही मेळावा झाला नव्हता. माझ्या चार ओळींतला एक शब्दही त्यात नव्हता.

एका बापाची लेक घरी बसलीय, परवा पाहुणे येणार आहेत, आणि इथं तोच बाप फेटा बांधून आमचे उपकार मानतोय. आता त्याला वाटणार, मी बुधवारी येऊन हेच ठरवून गेले. मी अधिकाऱ्यांना फोन लावला. मी ओरडायच्या आत तेच म्हणाले, "बघितलंत? फोटोसकट टाकलं. आता गावात त्यांचा मान वाढेल की नाही? कोण बोलेल त्यांच्या लेकीला?" त्यांना माझ्याकडून शाबासकी हवी होती. मी फोन ठेवून दिला.

दिवस मावळायच्या सुमारास फोन वाजला. त्यांचाच. आता शिव्या खायच्या, असं मनाशी म्हणत उचलला.

"मॅडम," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "शुक्रवारी मी कुठं होतो?"

"घरी असाल भाऊ."

"रानात होतो. फवारनी चालू होती दिवसभर. डेरीवरची दोघं माझ्याच बांधावर जेवली. मग ह्या कागदात मी तितं कसा?"

माझ्या उत्तराची वाट न बघता ते पुढं सांगू लागले.

"आज डेरीवर बसलो वाचायला, दर शनिवारसारखा. पयलं पान वाचलं, दुसरं वाचायलो. वाचता वाचता माझंच नाव आलं. मोठ्यानं वाचून बसलो की. समदे माझ्याकडं बघायलेत. एक जन म्हनला, अरे तू तर काल माझ्याबरुबर भाकर खाल्लीस. कवा गेलतास?" ते थांबले. पलीकडं भांडी घासल्याचा आवाज येत होता. "मला पुढं वाचता येईना मॅडम. मी हे बोललोच न्हाई. मी तितं गेलोच न्हाई."

"नाही भाऊ. तुम्ही नव्हतात."

"मंजे खोटं छापत्यात."

"हो."

मग तो माणूस रडायला लागला. "मंजे पोरगी खरं बोलत होती. आईची आन घेऊन सांगत होती माय, आन्‌ मी कागदाचं ऐकलं. लेकराचं न्हाई ऐकलं."

मीही इकडं रडत होते. काय सांगायचं होतं मी त्यांना? तुमचा विश्वास बसला, आनंद आहे, असं? ज्या चार ओळी छापून आणायला मी आठवडाभर नाक घासलं त्या आल्या नाहीत, आणि त्या निर्लज्ज चौकटीनं काम केलं. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची किळसही येत होती.

रविवारी पहिल्या गाडीनं ते लेकीला घेऊन आले. धाकटे भाऊ आले नाहीत, पण पाहुण्यांना नको म्हणून फोन त्यांनीच केला होता म्हणे. पोरगी बॅग व्हरांड्यात टाकून आधी रोपवाटिकेकडं पळाली. मी वडिलांपुढं ते पितळी कुलूप ठेवलं. त्यांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि परत माझ्याकडं दिलं. "तिच्या ट्रंकेला लावा मॅडम. कपाट व्हईल तवा व्हईल."

पुढं कधीतरी, पाण्याची जोडणी झाल्यावर, एका साध्या मंगळवारी आम्ही खरोखर नव्या इमारतीत राहायला गेलो. पोरींनी गाद्या डोक्यावरून नेल्या, मी बादल्या मोजल्या. त्याची बातमी आली नाही, कारण ती आधीच येऊन गेली होती. जनसंपर्क अधिकारी अजूनही भेटले की तितकेच गोड हसतात. त्या वेळी आपण किती छान तोड काढली, असं त्यांनी परवा एका नव्या प्राध्यापकाला माझ्यादेखत सांगितलं. मी तिथून उठून गेले. स्टाफरूममध्ये शनिवारी अजून हशा होतो, मला मात्र आता हसायला येत नाही. डेअरीवर ते वाचन बंद झालं ते कायमचंच. त्या गावातल्या लोकांचा शनिवारचा तो तास आम्ही घालवला, याचं मला वाईट वाटतं, आणि ते कुणाला सांगावं तर कुणाला कळत नाही.

पोरगी पहिल्या वर्गात पास झाली. पदवीदान समारंभ शनिवारी होता. वडील आले होते, या वेळी आईलाही घेऊन. पाहुण्यांची गाडी यायची होती, मांडवात सगळे घामाघूम होऊन बसलेले, व्यासपीठावर खुर्च्या रिकाम्या. तेवढ्यात मांडवभर मोबाईल वाजले. मी उघडून पाहिलं. पदवीदान समारंभ उत्साहात संपन्न. वडिलांनीही पाहिलं. त्यांनी रिकाम्या व्यासपीठाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मोबाईल खिशात घातला.

दुपार कलल्यावर एकदाची नावं पुकारली. ती पदवी घेऊन खाली आली आणि वडिलांच्या हातात दिली. जाड कागद, सोनेरी कड, वर तेच चिन्ह. त्यांनी सदऱ्याला हात पुसून ती धरली. सगळी वाचली, पाठीमागून पाहिली, उजेडाकडं धरून पाहिली. त्या चिन्हावर त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला होता. मला वाटलं आता मला विचारतील. मी उत्तराची तयारीही केली होती.

पण ते लेकीकडं वळले.

"हे खरं हाय का?" त्यांनी तिला विचारलं. "कागदावर काय बी आसंल. तू सांग. तू म्हनलीस तर खरं."

तिचे डोळे भरून आले. "हाव आप्पा," ती म्हणाली. "खरं हाय."

मग त्यांनी पदवीची नीट घडी घालायला सुरुवात केली, आणि आम्ही दोघीही "घडी नका घालू" म्हणून एकदमच ओरडलो.